पाहुण्यांनी खाल्लेली ज्वारी

संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी झरीजवळच्या एका संशोधन संस्थेच्या शेतात पाहुण्यांसाठी हुरडा भाजण्यात आला. बियाण्यासाठी पिशव्या बांधून राखलेली ज्वारीची सगळी कणसे त्यात संपली. पाच वर्षांचे काम त्या कणसांत होते. खाणाऱ्यांत संस्थेला पैसा देणारे काका होते, त्यांचा पुतण्या होता, पुण्याहून आलेले पाहुणे होते. मीही होतो.

मी त्याच वर्षी संस्थेत लागलो होतो. ज्या दैनिकात काम करत होतो त्याची जिल्हा आवृत्ती बंद झाली आणि संस्थेला वर्षाचा अहवाल लिहिणारा माणूस हवा होता. परभणीहून मोटारसायकलने जायचे, झरीच्या फाट्यावर चहा घ्यायचा, दहाच्या आत पोचायचे, असा क्रम होता.

संस्था म्हणजे एक लांबट शेड, दोन खोल्यांची प्रयोगशाळा, एक बोअर आणि रस्त्याला लागून असलेले काळ्या जमिनीचे वावर. एका माणसाने स्वतःच्या पैशाने, विकायला काही नसताना, केवळ शोधासाठी चालवलेली अशी दुसरी जागा मला बातमीदारीच्या काळात जिल्ह्यात आढळली नव्हती. विषय एकच होता. हलक्या जमिनीत रब्बीच्या ज्वारीचा दाणा भरत असतानाच ओल संपते. ताट आतून पोकळ होते, वाऱ्यात खडखड वाजते आणि आडवे पडते. शेतकरी या रोगाला खडखड्या म्हणतात. शेवटपर्यंत उभी राहील आणि कडबाही देईल अशी ज्वारी संस्थेला हवी होती.

काका सत्तरीच्या पुढचे. परभणीत कापसाचे जिनिंग, झरीला वडिलोपार्जित जमीन. पैसा देण्याची त्यांची रीत सरळ होती: आधी माणूस शोधायचा, मग त्याच्या आड यायचे नाही. एका वर्षी त्यांची स्वतःची ज्वारी आडवी झाली तेव्हा त्यांनी बऱ्याच जाणकारांना शेतावर नेले. प्रत्येकाने काही ना काही औषध सांगितले. शेवटी आल्या त्या एक बाई, सरकारी नोकरीतल्या संशोधक. त्यांनी ताट उभे चिरून पाहिले आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. पाच वर्षं लागतील, आणि तरी सापडेलच असं नाही." काकांनी त्याच आठवड्यात त्यांना फोन केला आणि नोकरी सोडाल का, असे विचारले. त्यांनी सोडली. ही हकीकत काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आणि शेवटी हात झटकत. "मंग काय! बाईला वावर देऊन टाकलं. आता आमी काईच इचारत न्हाई."

ते खरेच विचारत नसत. पाडव्याला सालगड्यांचे वर्षाचे करार होतात. त्याच दिवशी, त्याच ओसरीवर बाईंना वर्षाचा चेक मिळे. "किती पायजेत?" एवढाच प्रश्न असे. खर्चाचा तपशील काकांनी एकदाही मागितला नाही. जमीन मात्र काकांच्याच नावावर होती. तिचा कागद कोणी केला नव्हता. शब्द दिला होता, आणि तो पाळला जात होता.

संचालक म्हणून बाईंची रीतही वेगळी होती. दोन तरुण संशोधक होते. बाई त्यांना काम नेमून देत नसत. "तुला काय खटकतंय?" असे विचारत आणि जे खटकले त्याच्यामागे त्याला वर्षभर सोडून देत. सकाळी सगळ्यांनी वावरात उभे राहायचे, काल काय चुकले ते प्रत्येकाने सांगायचे, मग चहा. चूक सांगणाऱ्याला कोणी बोलत नसे. काहीच चुकले नाही म्हणणाऱ्याची मात्र चेष्टा होई. मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आले, "अहवालात जे जमलं नाही ते आधी लिहा."

पाचव्या हंगामात एका वाणाची ताटे उभी राहिली. शेजारच्या ओळी लोळल्या, ही लोळली नाही. फुलोऱ्याआधी तिच्या निवडक कणसांवर कागदी पिशव्या बांधल्या होत्या. तसे केले नाही तर दुसऱ्या ताटांचा पराग येतो आणि बी भेसळीचे होते. दाणा धरल्यावरही पिशव्या काढल्या नाहीत, पाखरांमुळे. या कणसांचे बी पुढच्या रब्बीत शेतकऱ्यांच्या हलक्या जमिनींवर जायचे होते. काकांनी कबूल केलेली पाच वर्षे येत्या पाडव्याला संपत होती. संस्था पुढे चालेल की नाही, बाईंना काम पुरे करता येईल की नाही, हे या बियाण्यावर ठरेल असे संस्थेत सगळेच धरून चालले होते.

त्या रविवारी बाई राणीसावरगावला गेल्या होत्या. तिथे एका मेंढपाळ कुटुंबाच्या मुरमाड शेतात हीच ज्वारी पाहण्यासाठी म्हणून पेरली होती, बिनपिशवीची. संशोधकांना सुटी होती. काकांच्या पुतण्याने पुण्याचे आपले व्यापारातले मित्र बोलावले होते. संस्थेला आणखी चार देणगीदार मिळावेत, हा त्याचा हेतू होता. काकांनी घरच्या सालगड्याला फोन केला, "पाव्हणे मोठे हायेत. चांगला हुरडा काढ." सालगडी संस्थेच्या वावरात कधी कामाला आलेला नव्हता. त्याने शेडमागे खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली आणि कणसे काढायला गेला.

हुरडा चांगला झाला. दाणा कोवळा, गोड, आणि हातावर चोळला की सहज सुटणारा. शेंगदाण्याची चटणी होती, दही होते, गूळ होता, बोरे होती. पाहुणे सतरंजीवर मांडी घालून बसले होते.

"काका, आम्ही पुण्याकडे तिकीट काढून हुरडा खातो," एक जण म्हणाला, "पण ही चव नाही."

"आमच्या बाईची ज्वारी हाय ती!" काका म्हणाले. "खा. लाजू नका."

"तिकीट आपणही लावू की," पुतण्या म्हणाला. सगळे हसले.

पाहुणे हात धूत होते तेव्हा बाई परत आल्या. आगटीजवळ कागदी पिशव्यांचा ढीग पडला होता. काही पेटवायला वापरल्या होत्या, काहींत बोरे भरून पाहुण्यांना दिली होती. बाईंनी एक उचलली. तिच्यावर त्यांच्याच हातचा पेन्सिलीचा क्रमांक होता.

"ही कुठून आणली?"

"वावरातून, म्याडम," सालगडी म्हणाला. "मालक म्हनले चांगलं काढ. बाकीचं पाखरानं टोचल्यालं. पिशवीतलं एकदम टंच. म्हनलं, येवढं राखून ठिवलंय म्हंजे पाव्हण्यासाठीच असंल."

"सगळी काढली?"

"एक बी सोडली न्हाई," त्याने अभिमानाने सांगितले.

बाईंनी पिशवीची घडी करून ती पर्समध्ये ठेवली. मग पाहुण्यांकडे गेल्या आणि नमस्कार केला. काकांनी त्यांच्यापुढे हुरड्याची ताटली केली. त्यांनी चिमूटभर दाणे घेतले, चावून खाल्ले. "गोड आहे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिनिंगवर गेल्या. मला बरोबर घेतले, कारण हे अहवालात येणार होते.

"या, बाई!" काका म्हणाले. "पाव्हणे लय खूश होऊन गेले बरं का."

"काका, काल आपण बियाणं खाल्लं."

"कोनतं बियाणं?"

"पिशवीतलं. सगळं."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर रुईच्या गाठी बांधण्याचे यंत्र चालू होते.

"त्या गाढवाला पाडव्याला नारळ देतो," काका म्हणाले.

"त्यानं तुमचं ऐकलं. तुम्ही चांगलं काढ म्हणालात. सगळ्यात चांगलं तेच होतं."

"मंग माझी चूक म्हना की सरळ."

"तुमची आणि माझी. शेतावर फोन करायच्या आधी मला विचारा, असं मी पाच वर्षांत तुम्हाला म्हटलं नाही. वावर तुमचं. कसं म्हणणार?"

"मी कवा हिशोब मागितला? कवा इचारलं, काय करायलाव म्हनून?"

"नाही विचारलं. म्हणूनच म्हणता आलं नाही."

काकांना हे लागले. त्यांनी चष्मा उचलून पुसला. मग विचारले, "आता काईच न्हाई का शिल्लक?"

"गेल्या वर्षीचं थोडं बी फ्रिजमध्ये आहे. त्याच्यावरून पुन्हा करता येईल. पण पेरणी पुढच्या रब्बीला. वर्ष गेलं."

"आन् पाच वर्षं तर पाडव्याला संपायलीत."

"हो."

त्यानंतरच्या आठवड्यात पुतण्या संस्थेत आला. झाले त्याबद्दल त्याला वाईट वाटले होते, आणि त्याच्याजवळ एक योजना होती. हुरड्याच्या हंगामात दोन महिने पुण्या-मुंबईच्या लोकांना बोलवायचे, तिकीट लावायचे, त्यावर संस्था चालवायची. तिकिटाचे त्याचे आधीचे बोलणे थट्टेत गेले होते. आता तो गंभीर होता.

"मॅडम, रागावू नका. काकांनंतर काय? मी आज स्पष्ट विचारतो, कारण दुसरं कोणी विचारत नाही."

प्रश्न वाजवी होता. संस्थेचा सगळा पैसा एका माणसाच्या मर्जीतून येत होता आणि त्या माणसाचे वय झाले होते.

"हुरड्याची ज्वारी वेगळी," बाई म्हणाल्या. "ती कोवळी असताना चांगली लागते. मला ताट वाळेपर्यंत उभं हवंय. तिकीट लावलं तर दोन वर्षांत मी हुरडाच पिकवायला लागेन."

"मग दर वर्षाचं टार्गेट ठेवू. तेवढं झालं की पुढचा पैसा."

"ठेवा. दर वर्षी पूर्ण करीन. पूर्ण होईल असंच घेईन मी."

पुतण्या हसला, पण योजना त्याने मागे घेतली नाही. बाईंनीही त्याला वेड्यात काढले नाही. काकांनंतर काय, हा त्याचा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात सगळ्यांपुढे मांडला.

शिवरात्रीच्या सुमारास बाई काकांना राणीसावरगावला घेऊन गेल्या. गाडीत मी होतो. शेत गावापासून दूर, उताराला. माती वीतभर, खाली मुरूम. ज्वारी वाळत आली होती आणि उभी होती. बांधापलीकडची बरीचशी आडवी होती. शेताची मालकीण चाळिशीची. नवरा मेंढ्या घेऊन गेला होता, ती एकटीच कापणीला लागली होती. तिने विळा खांद्यावर टाकला आणि काकांना खालपासून वरपर्यंत पाहिले.

"ह्येच का म्याडम, पैसेवाले?"

"मीच तो," काका म्हणाले.

"बरं झालं आलाव. पलीकडचं वावर दिराचं. दीर म्हनतो, आमच्या ज्वारीला चढली, तुझी शुद्धीवर हाय."

काकांनी एक ताट मुळाजवळ धरून हलवले. मग दुसरे. मग ओळीतून शेवटपर्यंत गेले आणि परत आले.

"यातलंच बी ठिवू का म्याडम?" मालकिणीने विचारले.

"घरापुरतं ठेवा. पण यात आजूबाजूचं मिसळलेलं असणार. सगळं असंच उभं राहील याचा भरवसा नाही."

"मंग भरवशाचं कवा देताव?"

"यंदा देणार होते," बाई म्हणाल्या.

"आन् मंग?"

उत्तर काकांनी दिले. "ते आमी खाल्लं."

"खाल्लं?" ती एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागली. "बियाचं? मोठ्या घरचे तुमी. घरात दाणे न्हवते व्हय?"

काकांनी मान खाली घातली आणि मग त्यांना हसू आले. तीही हसली. तिने आम्हाला ताक दिले.

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात जिनिंगच्या कचेरीत बैठक झाली. काका, पुतण्या, बाई, आणि टिपणासाठी मी. काकांनी टेबलाच्या खणातून चेकबुक काढले.

"बाई, आनखी पाच वर्षं. जसं चालू हाय तसंच. किती पायजेत?"

"असा नको, काका."

काकांना वाटले, आकडा कमी पडेल असे बाईंना वाटते आहे. "अहो, अजून सांगितलंच कुठं मी?"

"आकड्याचं नाही. दर पाडव्याचा चेक नको. द्यायचं ते एकदाच ठेव म्हणून संस्थेच्या ट्रस्टच्या नावावर ठेवा. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं. कमी पडलं तर काम कमी करू. आणि वावर ट्रस्टला द्या. कागदानं."

"म्हणजे एकदा दिलं की आपल्या हातात काय राहिलं?" पुतण्याने विचारले.

"काहीच नाही."

"आणि काकांचं नाव?"

"नावाला माझी हरकत नाही. फोनला आहे."

काका मोठ्याने हसले. पुतण्या हसला नाही. काकांचे हसूही थोड्या वेळाने ओसरले.

"मी मानूस बघून पैसा दिला, बाई. कागद बघून न्हाई."

"बरोबर केलंत. तसं केलं नसतंत तर मी आलेच नसते. पण उद्या मला काही झालं तर वावर उरेल, संस्था नाही उरणार. तुम्हाला काही झालं तरी तेच."

"आन् तुमी उद्या निघून गेलाव, मंग?"

"मग दुसरं कोणी येईल. त्याला तुमचा फोन नंबर माहीत नसला तरी चालायला हवं."

चहा आला. काकांनी बशीत ओतून घेतला. मग पुतण्याकडे वळले. "तुझं काय म्हननं? तूच म्हनायलास ना, काकांच्या मागं काय?"

पुतण्याने विचार करून उत्तर दिले. ठेव ठेवायला त्याची ना नव्हती. पण कोणीच काही विचारायचे नाही, हे त्याला मान्य नव्हते. बाहेरच्या जाणकारांनी ठरावीक काळाने येऊन काम पाहावे, आणि त्यांनी नको म्हटले तर संचालक बदलावा, असे तो म्हणाला. दर वर्षी पाहणी व्हावी असा त्याचा आग्रह होता. बाई सहा वर्षांवर अडून होत्या. रब्बीच्या पिकाचे वर्षातून एकदाच कळते, निवडीला अनेक हंगाम लागतात, हे त्यांनी दोनदा समजावले. शेवटी तीन वर्षांनी पाहणी आणि सहा वर्षांनी निर्णय, असे ठरले. पाहणी करणाऱ्यांत घरचे कोणी नसावे, हे बाईंनी लिहून घ्यायला लावले. बदलण्याची अट त्यांनी स्वतःलाही लावून घेतली.

काकांनी चेकबुक परत खणात टाकले.

"म्हंजे पाडव्याला तुमी येनार न्हाई."

"जेवायला येईन."

"या," काका म्हणाले. "सवय झाली हो."

पाडव्याला सालगड्याचा करार नव्याने झाला. त्याला नारळ मिळाला नाही. ठेवीचा पहिला भाग जूनच्या आत ट्रस्टच्या खात्यात जमा झाला. जमिनीचे बक्षीसपत्र करायला सरकारी परवानगी लागते, असे वकिलाने सांगितले. अर्ज दाखल आहे, निर्णय आलेला नाही.

वर्षाचा अहवाल मी लिहिला. त्याचे पहिले वाक्य होते: "या वर्षी बियाणे तयार झाले नाही, पिशवीतली कणसे हुरड्यात गेली." छापण्याआधी पुतण्याने ते वाक्य गाळायला सुचवले. बाईंनी काकांकडे बोट दाखवले, काकांनी ठेवा म्हटले. अहवाल पुण्याच्या पाहुण्यांनाही गेला. त्यांतल्या एकाने ठेवीत भर घातली आणि अट घातली नाही. बाकीच्यांकडून उत्तर आले नाही.

फ्रिजमधल्या बियाण्यातला थोडा भाग राखून बाकीचा पेरायचे ठरले. पेरणी दसऱ्याच्या आधी झाली. उगवण एकसारखी झाली. हे लिहीत असताना पीक पोटरीत आहे, कणसे अजून बाहेर यायची आहेत.